ड्रायव्हरच्या मागची सीट

गळ्याशप्पथ सांगते, ह्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे! हसू नका. मागे मांजराने फोन उचलल्याचं सांगितलं होतं मी, ते सोडा. ही गोष्ट वेगळी.

आमचे हे बस चालवायचे. रिटायर झाले, मग विस्मरणाचा आजार जडला आणि गाडी पुन्हा सुरू झाली. खिडकीजवळची खुर्ची ही बस, स्टीलचं ताट हे स्टिअरिंग. वळणावर असे झुकतात की शेजारचा चहाचा कप मीच धरून ठेवते.

तर ह्यांच्या टाचेला जखम झाली. सुजली, वास यायला लागला, पण हे कुणाला हात लावू देतील तर शपथ. गोडीगुलाबीने दवाखान्यात नेलं. आमच्या गल्लीतला डॉक्टर तसा गुणाचा पोरगा, पण सदा घोड्यावर बसलेला. दारातूनच सुरू, "आजोबा, आज वार कोणता? साल कोणतं? मी कोण?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता हो. मग उठले आणि चपला तिथेच टाकून थेट घरी. त्यानंतर डॉक्टरचं नुसतं नाव काढलं की पाय खुर्चीखाली.

"आजी, आता फार थांबता येणार नाही," डॉक्टर मला म्हणाला. "हॉस्पिटलात न्यायचं. दोन माणसं धरतील, झोपेचं इंजेक्शन देऊ."

"चालत्या गाडीतून ड्रायव्हरला ओढणार तुम्ही?"

"आजी, पाय जाईल त्यांचा."

ह्यांच्या राहिलेल्या चपला उचलून मी घरी आले.

अशा वेळी धावून आला तो कायदा! म्हणजे झाला होता आधीच. माणूस आजारी पडला की पहिल्यांदा ज्यांच्याकडे जातो ना, त्या गल्लीतल्या डॉक्टरांना विस्मरण झालेल्या माणसांशी कसं वागायचं ते शिकवायचं. खर्च सरकारचा, दवाखाना बंद राहील त्या दिवसांचासुद्धा. टीव्हीवर सभागृहातलं भांडण बघत होते मी. एक गृहस्थ उठून म्हणाले, "डॉक्टरांना आणखी काय शिकवायचं? शिकूनच आलेत ना ते!" मी इथून ओरडले, "खाली बस रे बाबा!" आणि तो बसला. लग्गेच मतदान, लग्गेच मंजूर. आता त्यात माझं श्रेय किती ते तुम्हीच ठरवा.

तर ते प्रशिक्षण नेमकं तेव्हाच आमच्याकडे लागलं. दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. "आजी, डॉक्टरांना सराव करायला खोटा पेशंट हवाय. तुमच्याइतकं बेमालूम खोटं ह्या रस्त्यावर कुणी बोलत नाही." एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं!

हॉलमध्ये सगळे डॉक्टर गोल करून बसलेले. पहिला नंबर आमच्याच डॉक्टरचा लागला. मी ठरवलं, आज आपणच 'हे' व्हायचं. पाय खुर्चीखाली घेतले, बिस्किटांच्या डब्याचं झाकण हातात धरलं आणि गिअर टाकला.

"आजी, आज वार कोण..."

"दारात गर्दी करू नका! आत सरका!"

सगळे खो खो हसले. शिकवणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पुन्हा," म्हणाल्या. "परीक्षा घेऊ नका त्यांची. आधी त्यांच्या गाडीत चढा."

दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणाला, "आजी, ही बस नाही, खुर्ची आहे."

"मग उभा का तू? बस की!"

तिसऱ्यांदा मात्र तो सावकाश आला. खुर्ची ओढून माझ्या मागे बसला. मग म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, गाडी कुठे चाललीय?"

आणि मला उत्तर येईना. मला! थाप मारायला जिला कधी श्वास घ्यावा लागला नाही, तिला! घरी रोज ताट फिरतं, तोंडाने हॉर्न वाजतो, पण गाडी कुठे चालली ते कुणाला ठाऊक होतं? झाकण हातात तसंच राहिलं आणि डोळे घळाघळा वाहायला लागले. सगळ्यांना वाटलं, काय अभिनय करते म्हातारी! टाळ्याच टाळ्या. डॉक्टर तेवढा टाळ्या वाजवत नव्हता.

"आजोबा असे बसतात?" त्याने हळूच विचारलं.

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी आमच्या घरी. बूट बाहेर काढले, बॅग दाराशी ठेवली आणि ह्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसला. ह्यांनी आरशात बघावं तसं वर बघितलं.

"ड्रायव्हरसाहेब, गाडी कुठे चाललीय?"

"नदीपलीकडे," हे म्हणाले. "शाळा सुटलीय. पोरं उभी असतील ना."

असं होय! म्हणून उतरायला तयार नव्हते!

डॉक्टरच्या खिशात फोन वाजला. त्याने तो बंद करून टाकला. गाडी पुलावर चढली, वळली, आणि वळणावर डॉक्टरपण झुकला बरं का! मी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून उभी. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाला, "शाळा आली. टिंग!"

ह्यांनी ब्रेक मारला. "चढा रे, सावकाश."

"पोरं चढेपर्यंत तो ब्रेकवरचा पाय बघू का? दमला असेल."

ह्यांनी विचार केला. आणि पाय बाहेर आला. डॉक्टर खाली जमिनीवर बसला, तो पाय मांडीवर घेतला. जखम धुताना हे एकदा कळवळले. डॉक्टरचा हात तिथल्या तिथे थांबला. "सावकाश," हे म्हणाले, पोरांना की डॉक्टरला कोण जाणे. मग त्याने पुन्हा कापूस घेतला.

"हॉस्पिटल नको आजी," पट्टी बांधून तो म्हणाला. "जखम अजून हाडापर्यंत गेली नाहीय, मी येत जाईन रोज. पाय वाचेल." मग ह्यांना म्हणाला, "उतरतो मी, ड्रायव्हरसाहेब."

"उतरा," हे म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईंना तिकीट लागत नाही. बायको आहे माझी."

बरं बाई, बघू नका असं. 'बायको आहे माझी' हे मी घातलं पदरचं. 'तिकीट लागत नाही' इथवरच म्हणाले ते. पण तुम्हीच सांगा, ड्रायव्हर कुणाला उगाच फुकट नेतो का?