खलबत्त्याची बॅटरी

उपान्त्य सामना जिंकून खलबत्ता ढकलगाडीवरून परत आला तेव्हा त्याचं एक चाक लोंबत होतं, पुढचा पत्रा सालीसारखा सोलवटला होता आणि आतून जळक्या रबराचा वास येत होता. ताईनं ढकलगाडी आपल्या टेबलापाशी ओढून घेतली आणि पाना उचलला. दुरुस्तीच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला मोठे दिवे लावले होते. तिथे टीव्हीची निवेदिका ताईच्या भावजयीला विचारत होती, "शेवटच्या धडकेआधी तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"काहीच नाही," भावजय म्हणाली. "हात आपोआप गेले."

'हात आपोआप गेले म्हणे,' ताई मनातल्या मनात पुटपुटली आणि तिनं चाकाचा बोल्ट इतक्या जोरात फिरवला की पाना सटकून तिच्याच बोटांवर बसला.

खलबत्ता मुळात ताईचा होता. म्हणजे तिचा आणि तिच्या धाकट्या भावाचा. घरामागच्या वर्कशॉपमध्ये ताई खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे वेल्ड करायची, भाऊ जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून द्यायचा. टीव्हीवर काचेच्या आखाड्यात यंत्रांच्या मारामाऱ्या बघता बघता दोघांनी ठरवलं, हे तर आपल्यालाही जमेल. पुढच्या बाजूला दात असलेला जाड पोलादी रूळ, तो गरगर फिरतो आणि समोर येईल त्याला कुटून काढतो, म्हणून नाव खलबत्ता. नाव ताईनंच ठेवलं. सुरुवातीच्या हंगामांत रिमोटही ताईच्याच हातात असायचा, आणि प्रत्येक वेळी खलबत्ता दुसऱ्या फेरीतून भंगार होऊन घरी यायचा.

मग भावाचं लग्न झालं. बायको गोदामात क्रेन चालवायची. दिवसभर छताजवळच्या केबिनमध्ये बसून, दोन दांड्यांच्या जोरावर, ट्रकएवढ्या पेट्या ती अंडी ठेवावीत तशा खाली ठेवायची. एका सुट्टीच्या दिवशी अंगणात विटा मांडून सराव चालला होता तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, हिला एकदा देऊन बघ ना."

ताईनं मोठ्या मनानं रिमोट दिला. ताईच्या हातून रोज एखादी तरी वीट पडायचीच. भावजयीनं खलबत्ता त्या विटांमधून नेला, टोकाला गर्रकन फिरवला आणि उलटा परत आणला, वीट हललीसुद्धा नाही. भाऊ काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणंच ताईला लागलं. पुढच्या हंगामाच्या वेळी 'चालक कोण' असं विचारल्यावर तिनं स्वतःच भावजयीकडे बोट दाखवलं, कारण ते भावाच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

टीव्हीवाल्यांनी भावजयीला 'क्रेनवाली' हे नाव दिलं आणि ते सगळीकडे रूढ झालं. शाळकरी मुली तिच्याबरोबर फोटो काढायला रांग लावू लागल्या. आई फोनवर आधी विचारायची, "काय म्हणतेय आपली क्रेनवाली?" ताई जेवली का, हे त्यानंतर. बरं, चिडायला काही कारण मिळालं असतं तरी चाललं असतं. पण क्रेनवाली भली बाई होती. सामना संपला की स्वतः केर काढायची, ताईला 'ताई' म्हणायची ते तोंडदेखलं नसायचं. अशा माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं. समोरून काहीच मदत मिळत नाही, सगळं आपल्यालाच करावं लागतं.

"मॅडम, जरा बाजूला होता का?" कॅमेरा घेऊन आलेला माणूस म्हणाला. "यंत्र घ्यायचंय, तुमची पाठ मध्ये येतेय."

ताई बाजूला झाली. अंतिम सामन्याला फार वेळ नव्हता. ती आणि भाऊ कामाला लागले. वाकलेला पत्रा कापून नवा बसवला, चाकाचा आस बदलला, रुळाचा तुटलेला दात ग्राइंडरवर घासून सारखा केला. कामात असेपर्यंत ताई ठीक असायची. मुखवटा घालून वेल्डिंग करताना बाहेरचं काहीच दिसत नाही, फक्त वितळत जाणारी एक रेघ दिसते. तेवढ्यापुरतं जगात कोणी क्रेनवाली नसायची.

बॅटरी तिनं सगळ्यात शेवटी काढली. एका कोपऱ्याला बारीकसा पोचा होता. तिनं तळहात ठेवून पाहिला. कोमट लागली. पण सामन्यातून आलेली बॅटरी कोमट असतेच. तिनं ती टेबलावर ठेवली, इतर कामं केली आणि पुन्हा हात लावला. आता निवायला हवी होती. ताईच्या मते ती निवली नव्हती.

"ही नको घालायला," ती म्हणाली.

भावानं मीटर लावून पाहिलं. "आकडे बरोबर आहेत, ताई."

"कोपरा दबलाय. आतलं काही फाटलं असेल तर आखाड्यात पेटेल. जुनी घालू."

"जुनी दमलीये. शेवटच्या मिनिटात रूळ फिरणार नाही तिच्यावर, आणि समोरचं यंत्र कासव आहे. कासवाला शेवटपर्यंत कुटावं लागतं."

स्पर्धेचा तपासनीस आला, वाकून बघून म्हणाला की पोचा नियमात बसतो, तुमचं तुम्ही ठरवा, आणि पुढच्या टेबलाकडे गेला. भावानं पाना खाली ठेवला. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"ताई, खरं सांग. ती जिंकायला नकोय ना तुला?"

ताईनं 'असं कसं बोलतोस' म्हणावं तर ते खोटं ठरलं असतं. तिला नकोच होतं. कितीदा काचेमागे उभी राहून तिनं मनात म्हटलं होतं की आज एकदा तरी हिचे हात चुकू देत. भावाला सगळं माहीत होतं. आणि आता ती बॅटरीबद्दल काय बोलतेय ते त्याला ऐकूच जात नव्हतं, तिच्या बोलण्याआधी तिचा हेवा त्याच्या कानात जाऊन बसला होता. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाही खात्री उरली नव्हती. तिनं तिसऱ्यांदा तळहात ठेवला. कोमट बॅटरी होती की तिचाच हात, ते तिला सांगता येईना.

क्रेनवाली दिव्यांखालून सुटून आली तेव्हा दोघं बहीण-भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"काय झालं?"

भावानं सांगितलं. जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढंच. पण क्रेनवाली काही दुधखुळी नव्हती. तिनं दोघांचे चेहरे पाहिले, स्टूल ओढलं आणि ताईसमोर बसली.

"ताई, माझ्याकडे बघून सांगू नका. हिच्याकडे बघून सांगा. कुठल्या परक्या माणसानं ही बॅटरी दुरुस्तीला आणली असती, तर तुम्ही परत लावून दिली असती?"

ताईनं बॅटरीकडे पाहिलं. या वेळी हात लावला नाही.

"नसती दिली."

"मग जुनी लावा," क्रेनवाली म्हणाली आणि उठली.

"अगं पण हरशील," भाऊ म्हणाला.

"हरेन. गोदामात एकदा साखळी पुरेशी जाड नाही म्हणणाऱ्याचं कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून मी..." ती थांबली. "जाऊ दे. लावा जुनी."

पेटलीच तर म्हणून पोचा पडलेली बॅटरी वाळूच्या बादलीत ठेवून भावानं बादली मागच्या दाराबाहेर नेली.

सामना सुरू झाला तेव्हा ताई काचेशी उभी होती. कासव म्हणजे बुटकं, जाड कवचाचं यंत्र. त्याच्याखाली शिरायला कुठेच फट नव्हती. क्रेनवालीनं खलबत्ता त्याच्याभोवती असा फिरवला की ताई काचेला नाक लावून बघत राहिली. नवा पत्रा कुठे बसवलाय हे क्रेनवालीच्या पक्कं लक्षात होतं. प्रत्येक धडक ती त्या बाजूवर घेत होती, आणि ताईनं टाकलेली रेघ एकदाही उकलली नाही. ताईला एकाच वेळी अभिमान वाटत होता आणि हेवाही. आपण कितीही सराव केला असता तरी हे आपल्या हातून झालं नसतं, हे इतकं स्पष्ट तिला याआधी कधी दिसलं नव्हतं.

मग रुळाचा आवाज जड झाला. आधी घोगरा, मग गुरगुर, मग नुसती घरघर. कासवानं खलबत्त्याला कोपऱ्यात दाबलं आणि घंटा होईपर्यंत दाबून ठेवलं. पंचांनी गुण दिले. थोडक्या गुणांनी, पण खलबत्ता हरला होता.

"बॅटरी कमी पडली का?" निवेदिकेनं विचारलं.

"नाही," क्रेनवाली म्हणाली. "वळण उशिरा घेतलं. चूक माझी. आमच्या ताईंनी केलेली दुरुस्ती बघा, एक टाका हललेला नाही."

कॅमेरा पहिल्यांदाच ताईकडे वळला. ताईला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हरूनही तीच मोठी ठरली होती, आणि वर ताईला तिच्या मोठेपणातला तुकडा देऊन गेली होती.

ताई मागच्या दारानं बाहेर गेली. भाऊ बादलीपाशी उकिडवा बसला होता. तीही बसली. दोघंही वाळूकडे बघू लागले. एकदा धूर निघू दे, एवढंच ताई मागत होती. थोडासा, भावाला दिसेल एवढा. बॅटरी स्वस्थ पडून राहिली. ती पेटली असती की नसती, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं.

"मघाशी मी बोललो ते..." भाऊ म्हणाला.

"खरं होतं," ताई म्हणाली. "पण बॅटरीचंही खरं होतं."

भावानं मान हलवली. पटलं की नाही, ते तिनं विचारलं नाही.

परतताना टेम्पो भाऊ चालवत होता, क्रेनवाली मध्ये बसली होती. गाव मागे पडल्यावर ताई म्हणाली, "पुढच्या हंगामाला मी माझं वेगळं यंत्र करतेय."

भावानं आरशातून पाहिलं. क्रेनवालीनं विचारलं, "चालवणार कोण?"

"मी."

"माझ्यासमोर आलात तर?"

"तर कुटीन. नाहीतर कुटून घेईन."

क्रेनवाली हसली. "आणि खलबत्त्याची दुरुस्ती?"

"शीक की," ताई म्हणाली. "हात आपोआप जातात ना तुझे?"

तिला वाटलं होतं, विषय तिथेच मिटेल. पण त्यानंतरच्या सुट्टीला क्रेनवाली खरंच जाड हातमोजे घालून वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. ताईनं तिला मुखवटा दिला, दोन पट्ट्या शिकंज्यात धरून दिल्या आणि वेल्डिंगची कांडी कशी धरायची ते दाखवलं. क्रेनवालीची पहिली रेघ सुरवंट चिरडल्यासारखी आली. मध्ये भोक पडलं, कांडी चिकटून बसली, ती सोडवताना शिकंजाच हलला. तिनं मुखवटा वर केला तेव्हा ती घामानं निथळत होती आणि चेहरा रडवेला झाला होता.

ताईला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. "होतं असं," ती मायेनं म्हणाली. "पुन्हा कर."

दुसरी रेघ पहिलीहून सरळ आली. ताईनं ती वाकून पाहिली, बोटानं चाचपली, आणि लगेच तिला कोपरा वेल्ड करायला दिला. कोपरा सगळ्यात अवघड असतो.