दोष नावाचा फोल्डर

पत्र आलं तेव्हा भावोजींचा पाय दोन उशांवर ठेवलेला होता, घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. जाऊबाईंनी पाकीट फोडलं, चार ओळी वाचल्या आणि कागद धाकट्या जावेच्या हातात दिला. भावोजी लिफ्ट दुरुस्तीच्या ज्या कंपनीत मिस्त्री होते, तिने कळवलं होतं, की लिफ्टच्या ब्रेकमध्ये बिघाड असल्याची कोणतीही नोंद मिस्त्रींनी अपघातापूर्वी केलेली आढळत नाही. सबब अपघात त्यांच्याच निष्काळजीपणामुळे झाला, असं कंपनीचं मत आहे.

धाकटी त्याच कंपनीत कारकून होती. चार वर्षांपूर्वी भावोजींनीच शब्द टाकून तिला तिथे चिकटवलं होतं. मिस्त्री लिफ्ट तपासून हाताने भरलेली पानं आणून द्यायचे, ती स्कॅन करून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि मग कागद कापायच्या यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या करून टाकायची. साहेबांचा नियमच होता तसा. कपाटात कागद साठलेला त्यांना खपत नसे. ज्या पानावर बिघाड लिहिलेला असेल, ते ‘दोष’ नावाच्या फोल्डरमध्ये जायचं.

भावोजींनी एवढंच विचारलं, "माझं पान तू चढवलं होतंस ना?"

"चढवलं होतं."

ते पान तिच्या डोळ्यांपुढे होतं. ‘ब्रेकचे पट्टे झिजलेत. बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी.’ ‘बंद’खाली तीन रेघा, तिसरी इतक्या जोरात ओढलेली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं होतं. लिफ्ट काही बंद ठेवली गेली नाही. अडीच महिन्यांनी भावोजी तिच्या खालच्या खड्ड्यात उतरून काम करत होते, तेव्हा वरची केबिन घसरत खाली आली. अंग बाहेर निघालं, पाय खाली सापडला.

दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधीच ऑफिसात पोचली. कॉम्प्युटर उघडला. बाकी सगळं जागच्या जागी होतं, ‘दोष’ तेवढा नव्हता. नावाने शोधून पाहिलं, तारखेने शोधून पाहिलं. मग कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावली, कारण पुसलेली फाइल आधी तिथे जाऊन पडते हे तिला ठाऊक होतं. डबा रिकामा होता.

आणि मग तिला सोमवार आठवला. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "तुमचं यंत्र फारच रेंगाळतंय. तो कचरा एकदा रिकामा करून टाका बघू." चार वर्षांत तिच्या यंत्राची विचारपूस त्यांनी कधी केली नव्हती. कॉम्प्युटरने विचारलं होतं, हे सगळं कायमचं पुसायचं का? टेबलावरचा फोन वाजत होता, एक हात रिसीव्हरवर होता. दुसऱ्या हाताने तिने ‘होय’ दाबलं होतं. आत काय आहे हे पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

साहेब नेहमीसारखेच गोड बोलले. घरच्या माणसाला लागलं की मन थाऱ्यावर राहत नाही, हे ते समजू शकतात म्हणाले. ते पान स्कॅन करायचंच राहून गेलं असेल, कामाच्या गडबडीत असं होतं, त्याबद्दल ते तिला बोल लावणार नाहीत. ती म्हणाली, एक पान नाही, अख्खा फोल्डर गेलाय.

"मग सोमवारी तुम्हीच कचरा रिकामा केलात ना," साहेब म्हणाले, "त्यात गेला असेल."

कचऱ्याचं नावही तिने काढलं नव्हतं. साहेबांनी उगाच चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की आज दुपारी तिला नवीन यंत्र मिळतंय. जुन्यावरचं सगळं साफ करायला माणूस येतोय.

माणूस तासाभरातच आला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरची दुरुस्ती तोच करायचा, खांद्याला पिशवी, बोलायला मोकळा. तिने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, की कचराही रिकामा केला म्हणजे फाइल गेलीच ना?

"जाते कुठे?" तो पिशवी उघडता उघडता म्हणाला. "कॉम्प्युटर महाआळशी असतो, बाई. तो फाइल पुसत नाही, यादीतून तिचं नाव खोडतो आणि जागा मोकळी झाली असं म्हणतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. नव्या डिस्कमध्ये तो फार टिकत नाही, पण तुमची जुनी, फिरत्या तबकडीची आहे."

"आणि तुम्ही आता काय करणार?"

"सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिणार. मग कुणाच्या बापाला काही मिळणार नाही."

तिने वाकून भिंतीतली वायर खेचून काढली. पडदा काळा झाला. मग ती खुर्ची ओढून यंत्राच्या डब्याला पाय टेकवून बसली. तो गोंधळला. म्हणाला, मला साहेबांनी पुसायला बोलावलंय.

"पुसायचं असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेवा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, साहेबांच्या दाराकडे पाहिलं, पिशवीची चेन लावली आणि चहा पिऊन येतो म्हणून खाली गेला. तिने सरकारी लिफ्ट तपासणी खात्याला फोन लावला. अपघाताची चौकशी त्यांच्याकडेच होती. फोनवर ती ओरडली नाही, पण आवाज थरथरत होता, आणि तो रागाने थरथरतोय हे पलीकडच्या माणसाला कळावं म्हणून तिने तसं सांगूनही टाकलं. खुर्चीत बसून राहिल्यावर मात्र एक गोष्ट तिला टोचायला लागली. सोमवारपासून तीन दिवस ती याच यंत्रावर पानं चढवत होती. कोण जाणे, त्यातलंच एखादं पान भावोजींच्या पानावर लिहिलं गेलं असेल. साहेबांइतकीच ती स्वतःवर संतापली.

साहेब दोनदा बाहेर आले. पहिल्यांदा समजावून गेले, दुसऱ्यांदा नोकरीची आठवण करून देऊन गेले. ती जागची हलली नाही.

निरीक्षक दुपारी आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी डिस्क काढायला लावली, पाकिटात बंद केली, सही घेतली. चहाला गेलेला माणूसही परत आला होता. आपल्याला काय काम सांगितलं होतं ते त्याने न विचारताच लिहून दिलं.

चौथ्या दिवशी निरीक्षकांनी तिला बोलावून घेतलं. सव्वीस पानांपैकी एकोणीस सापडली होती. फाइलींची नावं गेलेली, त्या जागी नुसते आकडे. भावोजींचं पान अर्धंच होतं, खालचा भाग करड्या पट्ट्यांनी खाल्लेला. पण शेरा वरच्या भागात होता. तीन रेघाही होत्या. फोल्डर कधी पुसला गेला तेही निघालं: रविवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. रविवारी ऑफिसची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

मग निरीक्षकांनी आणखी दोन पानं तिच्यापुढे ठेवली. दोन वेगळ्या इमारती, दोन वेगळे मिस्त्री, पण शेरा तोच: पट्टे झिजलेत, बंद ठेवावी. "या लिफ्ट आजपर्यंत चालू होत्या," त्या म्हणाल्या. "सकाळीच बंद केल्या."

कंपनीने आपलं पत्र मागे घेतलं. भावोजींनी ते दुसरं पत्र वाचलं, घडी करून उशीखाली सारलं आणि पाय कधी टेकवता येईल ते पुन्हा एकदा जाऊबाईंना विचारलं. त्यांना तरी कुठे माहीत होतं.

साहेबांना घरी बसवलं. चौकशी संपेपर्यंत. सामान न्यायला आले तेव्हा तिच्या टेबलाशी थांबले, आपल्यावरही वरून दडपण होतं वगैरे सांगायला लागले. तिने मध्येच तोडलं.

"तुम्ही पुसलंत ते तुमच्यापाशी. पण शेवटचं बटण तुम्ही माझ्या बोटाने दाबलंत. ते मी विसरायची नाही."

ते खोकं उचलून गेले. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की जरा मोकळं वाटेल. काही वाटलं नाही. राग होता तिथेच होता.

त्या दिवशी फोन थांबेना. बंद केलेल्या लिफ्टच्या इमारतींतले लोक एकामागून एक तोंड सोडत होते. एक गृहस्थ सातव्या मजल्यावर राहत होते. तुम्ही लोक झोपा काढता का, असं त्यांनी तीनदा विचारलं. तिने त्यांना पुरतं बोलू दिलं. वर जड काही न्यायचं असलं तर माणूस पाठवते म्हणाली, पत्ता लिहून घेतला.

"आणि लिफ्ट?" ते कडाडले.

"लिफ्ट बंद आहे," ती म्हणाली. "बंदच राहील."