फळ्यावर लिहिलेली चिरुता

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते. मी मात्र शाळेचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. मी मोठ्या माणसांचा फळा. केरळातल्या खाडीकाठच्या एका गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझी उमेदीची सारी वर्षं गेली.

वेलायुधन सुताराने फणसाच्या फळ्या जोडून मला घडवलं. गावच्या बायकांनी तोंडलीच्या पाल्याचा रस आणि करवंटीचा कोळसा खलून माझ्या अंगाला चोळला, तेव्हा मी काळाभोर झालो. सोमवारी माझ्यावर शिवणवर्गाची मापं लिहीत. बुधवारी माडावरच्या रोगांची माहिती. आणि रोज दुपारी चार वाजता, काथ्याचं काम सुटलं की, साक्षरतेचा वर्ग भरे. एकतीस माणसं होती. कुणाचे केस पिकलेले, कुणाचे दात पडलेले. माझ्यावर एक अक्षर उमटलं की सगळ्यांचे ओठ हलत. मित्रांनो, तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

त्या एकतीस जणांत चिरुता होती. वय पंचावन्नच्या पुढे. जन्मभर खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं बडवून हाताला असा वास लागला होता, की बायका तिच्यापासून हातभर लांब बसत. ती शिकायला का आली, ते तिने एकदाच सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी तापाने फणफणलेली लेक खांद्यावर घेऊन ती इस्पितळात निघाली होती. बसवरची पाटी वाचता येईना. विचारलं तर कुणीतरी थट्टेने भलतीच बस दाखवली. लेक वाटेतच गेली.

वाचनालयाचे चिटणीस रावुण्णी मास्तर यांनी ही गोष्ट उचलली. प्रत्येक सभेत ते चिरुताला उभं करत आणि म्हणत, "पाहा, अक्षर न कळल्यामुळे या बाईने पोर घालवली." लोक हळहळत, वर्गाला मदत देत. चिरुता मान खाली घालून उभी राही. सभा संपली की तिला बसायला सांगायचंही कुणाच्या लक्षात राहत नसे.

वर्गाला शिकवायची सुभद्रा नावाची तरुण मुलगी. ती चिरुताला थोरल्या बहिणीसारखी 'चेची' म्हणे, तिचा राठ हात हातात धरून माझ्यावर अक्षरं गिरवून घेई. चिरुता फार सावकाश शिकली. एक ओळ वाचायला इतरांना लागे त्याच्या चौपट वेळ तिला लागे, पण वाचलेलं चुकत नसे. मास्तर मात्र दारातून जाता जाता टोमणा मारत, "चिरुते, काथ्या एवढा छान वळतेस, मग अक्षर का वळत नाही?" सगळे हसत. तीही हसे.

मग परीक्षा ठरली. सगळे पास झाले तर गाव पूर्ण साक्षर म्हणून जाहीर होणार होतं आणि वाचनालयाला टीव्ही मिळणार होता. सराव परीक्षेत एकोणतीस जण वेळेत आटोपले. घंटा झाली तेव्हा चिरुता दुसऱ्याच प्रश्नावर होती.

त्या संध्याकाळी खोलीत रावुण्णी मास्तर आणि सुभद्रा दोघंच होते. समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माझ्यावर वर्गाची यादी लिहायची होती. वर्गातला कुंजन म्हातारा मागच्याच महिन्यात वारला होता, त्याचं नाव 'मरण' या मथळ्याखाली गेलं होतं आणि परीक्षेच्या हिशेबातून सुटलं होतं. मास्तर म्हणाले, "त्याच्याखाली चिरुता लिही."

सुभद्राला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मास्तर, ती रोज येते."

"उद्यापासून येणार नाही. सुट्टी आहे म्हणून सांग तिला. गाव सोडून गेली असं लिहिलं तर कुठे गेली ते विचारतील. मेलेल्याचा पत्ता कुणी विचारत नाही." आणि पुढे म्हणाले, "तुझ्या नोकरीचं शिफारसपत्र मलाच लिहायचं आहे, हे ध्यानात ठेव."

सुभद्राने खडू उचलला. तो दोनदा मोडला. तिसऱ्यांदा तिने नाव लिहिलं.

परीक्षा झाली, तीसच्या ऐवजी एकोणतीस जण बसले आणि एकोणतीस पास झाले. समारंभाच्या दिवशी मला व्यासपीठाजवळ उभं केलं. पाहुणे आले, हार झाले. चिरुताला सुट्टी सांगितलेली. पण नव्या साड्या नेसून सगळ्या बायका वाचनालयाकडे चाललेल्या तिने पाहिल्या आणि तीही धुतलेलं मुंडू नेसून आली. बसायला जागा नव्हती, म्हणून माझ्यासमोर उभी राहिली. आणि सवयीने वाचू लागली.

"चि... रु... ता." आपलं नाव पाहून तिचा चेहरा उजळला. मग तिचं बोट वर सरकलं. "म... र... ण."

ती सुभद्राकडे वळली आणि अगदी वर्गात विचारावं तसं तिने विचारलं, "टीचर, हे 'मरण' असंच वाचायचं ना? माझं काही चुकलं नाही ना?"

सुभद्रा म्हणाली, "बरोबर वाचलंत, चेची."

पाहुण्यांनी विचारलं, ही बाई कोण? रावुण्णी मास्तर हसून म्हणाले, "वेडी आहे, साहेब. दारोदार हिंडते." तिच्याबरोबर वर्षभर बसलेल्या एकोणतीस जणांतलं एकही माणूस उठलं नाही. त्यांतल्याच दोघींनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं. मग टाळ्या वाजल्या.

टीव्ही आला. माझ्या जागी त्याचं टेबल लागलं आणि मी मागच्या पडवीत गेलो. सुभद्रा शहरात नोकरीला लागली. जाण्याआधी ती चिरुताच्या झोपडीपाशी दोनदा जाऊन आली. दार उघडलं नाही. पुढचं मला शिवणवर्गाच्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. बसथांब्यावर चिरुता पुन्हा पहिल्यासारखी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली होती, ही बस कुठली. एका मुलीने तिला विचारलं, "अम्मम्मा, वाचनालयात शिकलेली चिरुता तुम्हीच ना?"

ती म्हणाली, "ती वारली."

मित्रांनो, आज मी एका मासळीच्या दुकानात उभा आहे. माझ्यावर बांगड्याचा आणि तारलीचा भाव लिहितात, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसतात. मला कीड लागली आहे, एक पाय मोडला आहे. पण माझी निगा राखा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. एवढंच मागतो, की ज्याला तुम्ही वाचायला शिकवता, त्याच्याबद्दल काय लिहिता ते जपून लिहा. तो एक दिवस ते वाचतो.