वशिंडाचं अस्वल

मंजुळाबाईला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा ठेवू नये.

जिल्हा परिषदा नव्यानंच आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी बुलडाण्याला ट्रेनिंगला एकत्र होतो आणि पुढं मलकापुरात एकाच खोलीत भाड्यानं राहत होतो. स्टोव्ह एक, तवा एक, डोक्याला लावायचं तेलही एकाच बाटलीतलं. सकाळी डबे भरून ती तिच्या गावच्या शाळेत जायची, मी माझ्या.

चौथीच्या भूगोलात एस्किमोंचा धडा होता. आमच्या गावच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो कुल्फीवाल्याच्या पेटीतला, तोही लाकडाच्या भुशात लोळलेला. धडा तीनदा वाचून दाखवला, तरी पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग ठरवलं, तिकडची जनावरं आपणच करायची, आणि जे घरात आहे त्यातूनच. तालुक्याच्या प्रदर्शनात मांडता येतील हा लोभही होता, खोटं कशाला बोलू.

पोरांनी घरोघरची रद्दी आणली. ती भिजवली, मेथीचं पीठ घालून कुटली. टोपल्या लिंपायला बाया करतात तोच लगदा. त्याचे सील झाले, वालरस झाले. वालरसचे सुळे म्हणजे बाभळीचे पांढरे काटे, मिशा केरसुणीच्या, डोळे सीताफळाच्या बियांचे. नारळाची करवंटी पालथी घालून चुन्यानं माखली की एस्किमोचं घर. आणि पांढऱ्या अस्वलासाठी कापूस मागायलाही लागला नाही. सरकी काढायच्या जिनाकडं कापूस नेणाऱ्या गाड्या रस्त्याच्या बाभळींना घासत जातात आणि काट्यांना कापूस अडकून राहतो. पोरांनी हात ओरबाडून घेत तो वेचला, कणकेच्या खळीनं चिकटवला.

अस्वल केलं होतं कडूबाच्या गोजरानं. ही पोर म्हणजे माझ्या वर्गातली रोजची फुली. गणित चूक, शुद्धलेखन चूक, कविता अर्धी. वर्षभरात तिच्या पाटीवर मी एकदाही ‘बरोबर’ लिहिलं नव्हतं. पण लगद्यात हात घातला आणि पोर वेगळीच झाली. पाय जाड, मान पुढं, पावलं टाकत चाललेलं अस्वल. फक्त पाठीवर एक उंचवटा होता.

“अगं, हे काय?”

“वशिंड हाय बाई. वशिंड नसन तं जू कोठी ठेवतीन?”

दर पोळ्याला मातीचे बैल करणारे हात ते. त्यांना दुसरी पाठ ठाऊकच नव्हती. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात तिचा चेहरा पाहिला. फुलीची वाट पाहणारा चेहरा होता तो. मी म्हणाले, “बरोबर आहे.”

“बरोबर हाय?” तिनं पुन्हा विचारलं.

“हो, बरोबर.”

त्या दिवशी गोजरा घरी चालत गेली नाही, पळत गेली. पुढं वशिंड काढायला सांगायचं माझ्या दोनदा मनात आलं, दोनदा राहून गेलं.

शाळेत उंदीर फार, म्हणून सगळी जनावरं मी खोलीवर आणून फळीवर मांडली. मंजुळाबाईनं एकेक हातात घेऊन पाहिलं. मेथी किती घातली, खळ कशी केली, करवंट्या कुठून आणल्या, सगळं विचारलं. मी भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. तुझ्या शाळेचं काय, असं विचारलं तर म्हणाली, “मी काई यंदा नेऊन नाई राह्यली बाप्पा. कोन एवढा खटाटोप करन? तुह्यंच पाहाले येईन.”

भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो म्हणतात ते असं.

प्रदर्शनाच्या दिवशी कडूबा कापसाची गाडी घेऊन मलकापूरच्या जिनात येणार होता. त्याच गाडीत गोजरा आली, धुतलेलं परकर-पोलकं घालून, केसांना चपचपीत तेल लावून. अस्वल तिनंच उचललं. मांडवात शिरलो आणि पहिल्याच टेबलापाशी माझे पाय थांबले. करवंटीचं घर, बाभळीच्या सुळ्यांचे वालरस, आणि विकतच्या सरकी काढलेल्या कापसाचं पांढरंशुभ्र अस्वल, आमच्या दुप्पट मोठं. टेबलामागं मंजुळाबाई. माझ्याशी नजर मिळताच ती पदराचा काठ सारखा करू लागली. सकाळी एकाच तव्यावरची भाकरी खाऊन आम्ही निघालो होतो. तिनं केसानं गळा कापला होता माझा.

शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आधी तिच्याकडं गेले, वाहवा करून आमच्या टेबलाशी आले आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, “इथंही तेच? बाई, नक्कल करायची तर निदान थोडी झाकून करावी.”

माझं डोकंच फिरलं. “साहेब, पांढऱ्या अस्वलाला वशिंड असतं का?”

“वशिंड? छे! कुठं असतं?”

“मग बघा, दोन्ही अस्वलांना आहे. त्यांना विचारा, कुठून आलं.”

मंजुळाबाई म्हणाली, “चित्रात होतं तसं.” साहेबांनी चित्र मागितलं. चित्र कुठून आणणार ती?

“मी सांगते,” मी म्हणाले, आणि आवाज सगळ्या मांडवाला जाईल एवढा चढवला. “ही चूक आमची आहे. माझ्या पोरीला बैलच ठाऊक, तिनं अस्वलाचा बैल करून ठेवला. यांनी चोरी केली ती चुकीसकट केली!”

मांडव हसला. साहेब हसले, शेजारच्या शाळांचे गुरुजी हसले, कुणीतरी ‘हुर्र हुर्र’ करून अस्वल बैलासारखं हाकून दाखवलं. मंजुळाबाईची मान खाली गेली. तेवढंच हवं होतं मला, आणि ते पाहून जिवाला थंडावा वाटला, हेही कबूल करते. गोजरा माझ्या मागंच उभी आहे हे त्यानंतर आठवलं.

पहिला नंबर आमचा लागला. मांडवाच्या दारात मंजुळाबाई आडवी आली, “चुकलं माह्यं,” म्हणाली. मी तिला वळसा घालून पुढं झाले.

गोजराला तिच्या बापाकडं पोचवायला जिनाकडं निघाले. ती दहा पावलं मागं. अर्ध्या वाटेत म्हणाली, “बाई, तुमी तं बरोबर हाय म्हनलं होतं.”

“अगं, ते...”

“मंग तवाच काऊन नाई सांगतलं?”

नंबर आला ना आपला, असं काहीतरी बडबडले आणि भराभरा चालू लागले. जिनाच्या फाटकाशी वळून पाहिलं, तर ती थांबली होती. अस्वलाचं वशिंड तिनं मुळापासून उपटलं होतं. पाठीला भोक पडलं होतं, आतला कागदाचा लगदा दिसत होता. मुठीत कापूस होता. तिनं अस्वल माझ्यापुढं धरलं.

“आता बरोबर झालं, बाई?”

मंजुळाबाईला निदान ‘चुकलं’ म्हणता आलं होतं.

“हो,” मी म्हणाले, “बरोबर.”

या वेळी तिनं पुन्हा विचारलं नाही.