सैल झाकणाची बाटली

आमची पहिली टाकी कशी मेली ही गोष्ट मी फार रंगवून सांगायचो. खाऱ्या पाण्यातले मासे, पोवळी, नऊ महिन्यांची मेहनत, आणि माझ्या बायकोने, जागृतीने मारलेला डासांचा एक फवारा. "एक फुस्स, आणि अख्खा समुद्र खलास!" या वाक्याला लोक हमखास हसायचे. गेल्या गणपतीत उमेळ्याला, सासुरवाडीच्या ओटीवर, वीसेक माणसांत मी ती सांगितली तेव्हा माझे सासरेसुद्धा हसले. जागृती मोदक बघते म्हणून उठून आत गेली.

दुसरी टाकी तिच्या अटीवर उभी राहिली. "ही मेली की त्या भिंतीला जेवणाचं टेबल लागेल. मग टाकी हा शब्दही या घरात काढायचा नाही," असं तिने स्पष्ट सांगितलं. मी हसत हो म्हटलं. आपल्या हातून चूक होईल असं ज्याला वाटतं, त्याने अटींना भ्यावं.

मी संग्राम. मूळचा कराडकडचा, आता गोखिवऱ्यात राहतो आणि तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सुट्या भागांची मापं काढायची आणि त्यांच्या चुका त्यांच्या तोंडावर मारायच्या, हे माझं काम. मापाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस वसईत नाही, आणि हे मी एकटाच म्हणत नाही.

टाकी चार फुटांची. खालचं कपाट मी स्वतः जोडलं. आतले दगड सिमेंट आणि वाळूचे, घरीच ओतून महिनाभर पाण्यात मुरवलेले. ते रचायला दोन रविवार लागले, कारण मागे पाणी फिरायला वाट हवी, माशांना लपायला बीळ हवं आणि वर पोवळ्यांना उजेड हवा. पोवळी मऊ जातीची, परदेशात टाकीतच वाढवलेली. फ्लॉईडच्या माशांच्या दुकानातून कागदपत्रांसकट आणली. त्यांतलं मधलं, ताटलीएवढं, छत्रीसारखं. दिवा लागला की ते तव्यावरच्या भाकरीसारखं फुगायचं आणि अंगभर बारीक बोटं हलवत बसायचं. सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोर उभा राहायचो आणि मला माझाच अभिमान वाटायचा.

सगळा खेळ मिठाचा आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून रोज उडेल तेवढं गोडं पाणी घालायचं. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलंय. शिवाय दर एक तारखेला मी खारटपणा मोजायचं यंत्र लावून घ्यायचो. त्यासाठी एक छोटी बाटली मिळते, तिच्यातलं पाणी बरोबर पस्तीस खारट असतं, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग मीठ, समुद्राइतकं. तिचे दोन थेंब काचेवर टाकायचे, काटा पस्तीसवर आणायचा, मग टाकीचं पाणी तपासायचं. कमी भरलं की मीठ घालायचं. या टाकीत ते दर महिन्याला थोडं कमीच भरायचं, आणि मी दर महिन्याला थोडं मीठ घालायचो. वहीत सगळ्या नोंदी आहेत, माझं अक्षरही चांगलं आहे.

मे उजाडला आणि छत्री मिटली. मला वाटलं कात टाकतेय, टाकतात ती कधीकधी. पण आठवड्याने बारकी पोवळीही मिटली, मग एक जोकर मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागला. मी दिवे बदलले, पंप धुतले, फ्लॉईडला चार फोन केले. यंत्रावर पस्तीस. वहीत पस्तीस. पहिली टाकीसुद्धा अशीच, मे महिन्यातच गेली होती. मी जागृतीकडे संशयाने बघितलं. तिने भिंतीकडे बघितलं, टेबलाची लांबी मनात मोजल्यासारखं.

त्याच आठवड्यात सासरे आमच्याकडे राहायला आले. नाव जयराम. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद, त्यामुळे दिवसभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. मी त्यांना आमच्याकडच्या पद्धतीने मामा म्हणतो. गडी तरुणपणापासून तीस वर्षं मिठागरात राबला, नंतर भातशेती केली. शनिवारी मी माशांना खाणं टाकत होतो, तेवढ्यात त्यांनी सरळ पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

"मामा!" मी ओरडलोच. "डोळ्यात थेंब घातलेला हात तो!"

"संग्रामराव, पानी जड झालाय."

"पस्तीस आहे. आजच मोजलंय."

"यंत्रात असल. जिबंवर नाय." ते शांतपणे म्हणाले. "मिठागरात ह्या वाफ्यातला पानी त्या वाफ्यात कवा सोडायचा, ते आमी जिबंनंच ठरवायचो. आमाला यंत्र कोन देनार?"

मला राग आला. घरात मापं काढणारा मी, आणि निकाल लावणार यांची जीभ! मी तरातरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाटली आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. "हे बघा. हे कंपनीने बनवलेलं पस्तीसचं पाणी. याच्यावर मी यंत्र लावतो."

हात लागताच झाकण गळून पडलं. ते मी सैलच ठेवतो, ओल्या हाताने घट्ट झाकण उघडत नाही म्हणून. मामांनी बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि मग अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर पांढरी कणी होती.

"ह्यातला किती काढला आतापत्तुर?"

"महिन्याला दोन थेंब. सात महिने."

"चौदा थेंब," मामा म्हणाले आणि बाटली उजेडात धरली. ती बोटभर रिकामी होती. "मंग बाकीचा काय तुमी पिला?"

 चौदा थेंब म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. टाकीचं उडतं हे मी जगाला शिकवलं, आणि खिडकीतल्या उन्हात बाटलीचं उडतंय हे मला सात महिने दिसलं नाही. पस्तीस म्हणून मी ज्यावर यंत्र लावत होतो, ते कधीच चाळीसच्या पुढे गेलं होतं. यंत्र म्हणायचं टाकीत मीठ कमी आहे, आणि मी आज्ञाधारकपणे ओतत होतो.

"पयल्या टाकीला पन हीच व्हती?" मामांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"नाही. ती वेगळी होती."

"कुटं ठेवायचे ती?"

 कपाटातल्या खणात जुनी बाटली होती, मी वस्तू टाकत नाही. बाहेर काढली. तळाशी करंगळीएवढं पाणी आणि त्याखाली मिठाचे स्वच्छ चौकोनी खडे. तीही त्याच खिडकीत, सैल झाकणाने, नऊ महिने उभी होती. मामांनी ती हातात घेतली, हलवली, खडे वाजवून बघितले आणि मला परत दिली. "माज्या डोल्यात थेंब घालायची वेळ झाली," एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

जागृती तुळिंजला शाळेत शिकवते. त्या दिवशी पालकांची सभा होती, संध्याकाळी सहाला आली. ती चपला काढत असतानाच मी दोन्ही बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. तेव्हाच सांगितलं नसतं तर जेवणानंतर हिंमत उरली नसती. तिने जुनी बाटली उचलली.

"म्हणजे फवारा नव्हता," मी म्हणालो.

"फवारा त्या आठवड्यात घरातच नव्हता. संपला होता. आणायला तुलाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारत नव्हतास, संग्राम. तू सांगत होतास."

मग ती टाकीपाशी गेली, बाह्या वर केल्या, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. खुर्चीतून मामा तिच्याकडे बघत होते.

"जड आहे," ती म्हणाली. "एकदम गोडं ओतू नकोस. रोज थोडं थोडं."

"तुला कळतं?"

"मी कोणाची मुलगी आहे? मागच्या मे महिन्यात काच पुसताना तोंडावर पाणी उडालं, तेव्हाही म्हटलं होतं, किती खारट आहे रे हे. तू काय म्हणालास?"

मी काय म्हणालो ते मला नीट आठवत होतं. 'समुद्र काय गोड असतो का गं?' त्याचाही मी विनोद करून चार ठिकाणी सांगितला होता.

फ्लॉईडकडून सीलबंद बाटली आणली, यंत्र लावलं. टाकीचं पाणी एकेचाळीस. मग रोज सकाळी दोन तांबे टाकीचं पाणी काढून दोन तांबे गोडं, पुन्हा संध्याकाळी तेवढंच. पंधरवडा गेला. बारकी पोवळी आधी उघडली. जोकर कोपऱ्यातून बाहेर आला. सोळाव्या दिवशी सकाळी छत्रीच्या कडेला पाच-सहा बोटं हलताना दिसली, आणि मी सगळ्या घराला हाका मारल्या. जागृती दात घासायचा ब्रश तोंडातच ठेवून धावत आली.

त्या रविवारी मामांना उमेळ्याला सोडायला गेलो. ओटीवर तीच मंडळी. कुणीतरी विचारलंच, "काय जावईबापू, तुमचा समुद्र जिवंत हाय ना?"

मी पायरीवर बसलो आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पहिली टाकी, दुसरी टाकी, यंत्र, वही, मामांची जीभ, आणि खिडकीतली बाटली. गोष्ट सांगण्यात मी अजूनही कुणाला हार जात नाही. "बोटभर पाणी उडालं, आणि अख्खा समुद्र खलास!" लोक पोट धरून हसले.

जागृती दारात उभी होती. या वेळी ती आत गेली नाही.

"झाकण कोणी सैल ठेवलं, ते राहिलं," ती म्हणाली.

"मी," मी म्हणालो. "दोन्ही वेळेला मीच. आणि फवारा घरात नव्हताच."