दोन वर्षांचा अनुशेष

"बोल, काल मेसमध्ये भाजी काय होती?" मैदानाच्या मधोमध उभे राहून हनीफसरांनी विचारले.

आरती कडेकडेने धावत होती. तिने उत्तर दिले खरे, पण 'दोडक्याची' हा एवढासा शब्द तिच्या तोंडून दोन तुकड्यांत बाहेर पडला.

"थांब. ज्याला भाजीचं नाव एका दमात घेता येत न्हाई, त्यानं पळू नये. आज बस."

"सर, आत्ताच तर सुरू केलं."

"म्हणूनच म्हणून राहिलो. दोन वर्षं खुर्चीवर बसलेलं शरीर हाय, बेटा. त्याला हळू उठवायचं. दचकवून उठवलं, तर दावा धरतंय ते."

हनीफसर महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक होते. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात त्यांच्या घराण्याचे चपलांचे जुने दुकान होते. पण दुकान भावांवर सोपवून यांनी शिट्टी पत्करली होती. एक दिवस सराव, दुसऱ्या दिवशी हलके चालणे, तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती, असा त्यांचा क्रम होता. विश्रांतीच्या दिवशी कुणी मैदानावर दिसले, तर ते त्याला हाकलून देत.

आरती निंबाखाली जाऊन बसली. मात्र सरांची स्कूटर फाटकाबाहेर पडताच ती उठली आणि पुन्हा धावू लागली.

आरतीचा जन्म भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला होता. पुढे सरकारने वसवलेल्या नव्या गावात रस्ते एवढे रुंद आणि मोकळ्या जागा एवढ्या प्रशस्त होत्या, की म्हाताऱ्या माणसांना तेथे करमत नसे आणि पोरांना घर आठवत नसे. अशाच एका मोकळ्या जागेवर शाळेने दोन खांब रोवले आणि आरती खो-खो शिकली. राज्याच्या संघापर्यंत ती पोहोचली. तेवढ्यात दहावीला तिला उत्तम गुण पडले आणि साऱ्या गावाने तिला डॉक्टर करून टाकले.

मग लातूर. पहाटेपासून शिकवणी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रविवारी परीक्षा. त्या दोन वर्षांत ती कुठेही धावली नाही. अखेर निकाल लागला, तेव्हा मेडिकल थोडक्यात हुकले होते आणि जिना चढताना तिला धाप लागत होती. मग तिने लातूरलाच पदवीला नाव घातले आणि ती पुन्हा खो-खोकडे वळली.

निलंग्याकडचे एक स्थळ चुलत्याने आणून ठेवले होते. वडिलांनी, अण्णारावांनी, एवढेच कबूल केले होते, की दसऱ्यानंतर नांदेडला होणाऱ्या निवड चाचणीत मुलगी विद्यापीठाच्या संघात आली, तर कॉलेज तिचा वसतिगृहाचा भार उचलील आणि स्थळ थांबेल. नाही आली, तर मंडळी बघायला येतील. यात कोणावर जुलूम नव्हता. सगळे जण प्रेमानेच बोलत होते. म्हणूनच आरतीला त्याचे अधिक भय वाटे.

शिकवणीने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. राहिलेला भाग भरून काढायचा असेल, तर वर्गात होते तेवढेच पुन्हा खोलीवर करायचे. झोप कमी करायची, पण अनुशेष ठेवायचा नाही. रसायनशास्त्राचे असे कितीतरी धडे तिने भरून काढले होते. दोन वर्षांचे धावणेही तसेच भरून निघेल, याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सकाळी सरांचा सराव हा तिचा वर्ग झाला, आणि संध्याकाळी बार्शी रस्त्याच्या कडेने एकटीने धावणे हा तिचा स्वाध्याय झाला. विश्रांतीचा दिवस तर तिला आयतीच सुट्टी वाटली. त्या दिवशी ती दुप्पट धावू लागली.

पोळ्याच्या सुमारास डाव्या नडगीत एक ठणका सुरू झाला. आरंभी तो धावताना येई आणि थांबल्यावर जाई. पुढे तो जाईनासा झाला. झोप तुटक झाली, पाळी लांबली, जेवण नकोसे झाले. आश्चर्य असे, की याच दिवसांत जो तो तिची स्तुती करू लागला. "कशी चवळीच्या शेंगंवानी झालीस गं," मेसच्या मावशी म्हणाल्या. गालांची हाडे वर आली, ते मुलींना सुंदर दिसले.

तिच्या खोलीत राहणाऱ्या नाझनीनने मात्र स्तुती केली नाही. उदगीरच्या शिंप्याची ही मुलगी मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती आणि दिवसभर मोठ्याने वाचत असे.

"ऐक," एके संध्याकाळी पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "हाड रोज जरासं मोडतंय अन् रोज जरासं भरतंय म्हणे. भरायला सवड न्हाई दिली, तर नुसतं मोडणंच शिल्लक राहतंय."

"पेपर तुझा हाय. तू मनात वाच."

"पेपर माझा हाय, हाडं तुझीयेत. सरांना सांगितलंस?"

"काय सांगू? सांगितलं की बसवतेत. बसले की संपलं."

नाझनीनने पान उलटले. "मी बी असंच म्हणायचे गेल्या साली. डोकं दुखलं तरी उठायची न्हाई. पेपरच्या दिवशी अक्षरं दिसंनात मला." एवढे बोलून ती पुन्हा मोठ्याने वाचू लागली.

नांदेडला जाण्याच्या आदल्या दिवशी अण्णाराव वसतिगृहावर आले. धोतराच्या सोग्याने घाम पुसत त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. आरती पायरीवर बसून नकळत नडगी दाबत होती. अण्णारावांचा घास हातातच राहिला.

"कधीपासून?"

"कायी न्हाई आबा. जरा ठणकतंय. सवय झाली आता."

अण्णारावांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आपल्याकडं बी भूकंपाच्या आदल्या साली लई बारके बारके धक्के आल्ते. भांडी वाजायची. आठ-पंधरा दिस समदे अंगणात निजले. मग थंडी पडली. माणसं म्हणली, हे आता रोजचंच हाय. आत गेली निजायला." त्यांनी घास खाली ठेवला. "मी बी गेल्तो."

भूकंपात पडलेल्या त्या घरातून अण्णाराव आणि त्यांची बायको केवळाबाई एवढीच दोघे बाहेर निघाली होती. आरतीच्या आधीचे एक मूल आतच राहिले. त्याचे नाव घरात कोणी घेत नसे.

"आबा, उद्याचा एक दिस," आरती म्हणाली. "मग तुम्ही सांगाल तेवढं बसते."

तेवढ्यात हनीफसर उद्याच्या गाडीची वेळ सांगायला आले. आरतीच्या चेहऱ्याकडे पाहून ते थबकले.

"अण्णाराव, पोरगी लई उतरलीय. एवढं म्या पळवलंच न्हाई तिला. तुम्ही बाप हाव, खरं सांगा. काही लपवून राहिली का ही? दुखत असंल तर पुढल्या साली खेळंल. खेळ काही पळून जात न्हाई."

पुढल्या साली. निलंग्याची मंडळी पुढल्या सालापर्यंत थांबणार नव्हती, हे सरांना ठाऊक नव्हते. आरतीने वडिलांकडे पाहिले नाही. ती भाकरीच्या फडक्याला गाठ मारत राहिली.

"न्हाई सर," अण्णाराव म्हणाले. "ठणठणीत हाय."

दुसऱ्या दिवशी अण्णारावही नांदेडला बरोबर गेले. मैदानावर आलेल्या मुलींचे दोन संघ पाडून सामना लावण्यात आला. कापडी मंडपाखाली निवड समिती बसली होती. आरतीच्या तुकडीतल्या दोघी लवकरच बाद झाल्या आणि ती एकटी उरली.

मग मात्र तिने पाहणाऱ्यांना खिळवून ठेवले. बसलेल्या मुलींच्या मधून ती पाण्यासारखी वाहत होती. मागून येणारा प्रत्येक हात तिच्या पाठीपासून वीतभर मागे राहत होता. समितीतले एक गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी शेजाऱ्याला तिचा क्रमांक विचारला. तिचा ठणका अचानक थांबला होता. इतक्या दिवसांत प्रथमच पाय हलका झाला होता. काल नडगी दाबत बसलेल्या लेकीला इतक्या हलक्या पायाने पळताना पाहून अण्णारावांच्या अंगावर मात्र काटा आला. ते दोरीपाशी येऊन उभे राहिले.

एका उंच मुलीने खांबाच्या आधाराने झेप घेतली. आरतीने डावा पाय रोवून गर्रकन अंग फिरवले. त्या मुलीचा हात हवेत गेला. त्याच क्षणी वाळलेली तुराटी मोडावी, तसा बारीक आवाज झाला.

लोक टाळ्या वाजवत होते, कारण ती चुकवण्यात यशस्वी झाली होती. आरती एका पायावर उभी राहिली. दुसरा पाय टेकवून पाहिला, आणि मग कोणी ढकलल्याविना, सावकाश, ती खाली बसली. उंच मुलगी परत आली आणि संकोचाने तिच्या खांद्याला शिवली. पंचांनी शिट्टी वाजवली.

हनीफसर धावत आले. त्यांनी नडगीवरून हलकेच बोट फिरवले आणि बोट एका जागी थांबले.

"सर, नाव घेतील का माझं?"

"पाय सरळ ठेव, बेटा."

"क्रमांक विचारत होते ते."

"बघितलं म्या." गळ्यातला रुमाल सोडून ते तिचा पाय बांधू लागले. "कधीचं हाय?"

आरतीने मान फिरवली. सरांनी मान वर करून अण्णारावांकडे पाहिले. अण्णारावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सरांनी पुन्हा विचारले नाही.

स्ट्रेचर आणायला कोणीतरी गेले होते. ते लवकर येईना. पुढच्या सामन्याच्या मुली कडेला उभ्या राहून हातपाय मोकळे करत होत्या. अण्णाराव लेकीपुढे पाठ करून बसले. सरांनी आधार दिला. लहानपणी जत्रेत बसायची, तशी आरती त्यांच्या पाठीवर बसली. ते उठले तेव्हा त्यांचे गुडघे वाजले.

मैदान तसेच आखलेले होते. पांढऱ्या फक्कीच्या रेषा उन्हात स्पष्ट दिसत होत्या.

"आबा, रेघ पुसंल," आरती त्यांच्या कानाशी म्हणाली.

अण्णाराव थांबले. खाली पाहून त्यांनी पाय उंच उचलला आणि रेघेच्या पलीकडे ठेवला. मग दुसरा. प्रत्येक रेघेपाशी तसेच थांबत, वाकलेल्या पाठीने, ते मैदानाबाहेर चालत गेले.