तिसरी गाडी

हिंगणघाटात मोटारींची एजन्सी एकट्या माह्या बाबाची होती. सातवीत मास्तरशी भांडून मी शाळा सोडली, तवापासून दुकानातच बसत होती.

दसऱ्याच्या महिनाभर आधी नागपूरहून कंपनीचे प्रभाकरराव आले. म्हणे, दसऱ्यापर्यंत तीन गाड्या विका. घेणाऱ्याले रेडिओ फुकट. तीन पुऱ्या झाल्या तर एजन्सी तुमच्याकडेच, नाई तर वर्धेवाल्याले देतो.

बाबा खुशीत चहा सांगायले उठले. प्रभाकररावची बॅग उघडीच होती. आतमध्ये एका गाडीचं चित्र, आमच्या गाडीहून लांब, नाकच वेगळं. ते गेल्यावर मी बाबाले म्हणलं, "नवी गाडी येऊन राह्यली. जुन्या कारखान्यात पडून असतीन, म्हणून त्याईले घाई. खपणाऱ्या मालावर कोणी फुकट देते काय?"

"शाळेत टिकली नाई, अन् कंपनीले शिकवून राह्यली."

मी कपबशी अशी आपटली का कपाचा कान तुटला.

दोन गाड्या गेल्या, एक डॉक्टरले, एक कापसाच्या जिनवाल्याले. तिसरीसाठी बाबा ड्रायव्हर करून गाडी घेऊन अल्लीपूरच्या रूपराव पाटलाकडे चारदा गेले. पाटील गाडीत बसून तासभर रेडिओ ऐकत. चौथ्या खेपेले म्हणाले, "गाडी राहू द्या, महादेवराव. हा डब्बा तेवढा काढून केवढ्याले देता?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबानं दुकानामागची वखार विकली अन् तिसरी गाडी सोताच्याच नावावर घेतली. मायनं तिले झेंडूचा हार घातला. एजन्सी राह्यली म्हणजे सगळं राह्यलं, बाबा सगळ्याईले सांगत होते.

दिवाळी झाली अन् कंपनीचं पत्र आलं. एजन्सी तुमचीच. नवी गाडी निघाली आहे, दोन गाड्यांचे पैसे आगाऊ भरा. जुनीची किंमत दोन हजारानं उतरवली आहे.

पैसे भरायले आता विकायची वखारही नव्हती. बाबानं ते पत्र माह्याकडून दोनदा वाचून घेतलं. मंग अंगणातल्या गाडीत जाऊन बसले. त्याईले चालवता येत नव्हतं. रेडिओ लावला तशी गल्लीतली पोट्टी काचेले नाक लावून जमली. मले सहन झालं नाई, मी काठी घेऊन धावली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "ऐकू दे त्याईले. फुकटचा आहे."

आवाज बारीक होत गेला. बॅटरी उतरली तशी पोट्टी निघून गेली. बाबा तसेच बसून राह्यले.